बंदूक नाकारणाऱ्यांची सेवा: दुसऱ्या महायुद्धातील ‘सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मश्रद्धेमुळे युद्धाला नकार देणाऱ्यांना अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सैन्याऐवजी नागरी कामावर पाठवलं. या व्यवस्थेबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, आणि जे कानावर येतं त्यात त्यांना एकतर संत ठरवलेलं असतं, नाहीतर पळपुटे. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ही सेवा नेमकी काय होती?

१६ सप्टेंबर १९४० रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सक्तीच्या सैन्यभरतीच्या कायद्यावर सही केली. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. त्या कायद्यात एक कलम असं होतं, की ज्याचा ‘धार्मिक शिकवण आणि श्रद्धा’ यांमुळे कोणत्याही स्वरूपाच्या युद्धात भाग घ्यायला विरोध आहे, त्याला शस्त्राविना लष्करी काम द्यावं, आणि तेही मान्य नसेल तर नागरी देखरेखीखाली ‘राष्ट्रीय महत्त्वाचं काम’ द्यावं. या दुसऱ्या पर्यायातून सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस, म्हणजे सीपीएस, उभी राहिली. पहिली छावणी १५ मे १९४१ रोजी मेरीलँड राज्यात पटाप्स्को इथे उघडली आणि शेवटची माणसं मार्च १९४७ मध्ये सुटली. मधल्या काळात सुमारे १२,००० पुरुष दीडशेच्या आसपास छावण्यांत आणि तुकड्यांत राबले.

हे लोक कोण होते?

सर्वांत मोठा गट मेनोनाइटांचा होता, जवळपास ४० टक्के. त्यांच्यासोबत चर्च ऑफ द ब्रेदरेन आणि क्वेकर. हे तीन ख्रिस्ती पंथ ‘ऐतिहासिक शांतिपंथ’ म्हणून ओळखले जातात. बाकीच्यांत मेथडिस्ट होते, थोडे कॅथलिक होते आणि कितीतरी लहान पंथांतली माणसं होती.

मेनोनाइटांची परंपरा सोळाव्या शतकातल्या युरोपात सुरू होते. तलवार हाती घ्यायची नाही, शपथ घ्यायची नाही, या हट्टापायी ते देशोदेशी हिंडले. प्रशियातून रशियात गेले. १८७० च्या दशकात झारने लष्करी सवलत काढून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हजारो कुटुंबं कॅन्सास, नेब्रास्का आणि कॅनडातल्या मॅनिटोबात येऊन वसली. जे रशियात राहिले त्यांच्या मुलांना सैन्याऐवजी जंगलखात्यात काम मिळालं आणि त्या छावण्यांचा खर्च समाजाने उचलला. साठ वर्षांनी अमेरिकेत जवळपास हाच साचा पुन्हा वापरला गेला.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. या पंथांतला प्रत्येक तरुण सीपीएसमध्ये गेला असं नाही. ब्रेदरेन आणि क्वेकर तरुणांपैकी बहुतेकांनी गणवेश चढवला. मेनोनाइटांमध्येही नागरी सेवा निवडणारे निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे हा निर्णय ज्याला-त्याला घ्यावा लागला, अनेकदा एकाच घरातल्या भावांनी वेगवेगळा घेतला.

सरकारने अशी सवलत दिलीच का?

पहिल्या महायुद्धातल्या अनुभवामुळे. त्या वेळी नकार देणाऱ्यांनाही थेट लष्करी तळावर नेत आणि तिथे त्यांचं काय होईल ते तळावरच्या अधिकाऱ्यांवर सोडलेलं असे. साउथ डकोटातल्या हटराइट या, मेनोनाइटांसारखाच युद्ध नाकारणाऱ्या पंथाच्या वसाहतीतले चौघे, तीन हॉफर बंधू आणि जेकब विप्फ, १९१८ मध्ये गणवेश घालायला तयार झाले नाहीत. त्यांना वीस-वीस वर्षांची शिक्षा झाली. अल्कट्राझ तुरुंगाच्या तळघरातल्या अंधारकोठड्यांतून त्यांना फोर्ट लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात हलवलं, आणि तिथे पोचल्यावर काही दिवसांतच जोसेफ आणि मायकेल हे दोघे भाऊ मरण पावले. तोपर्यंत युद्धबंदी होऊनही गेली होती. ज्या गणवेशाला जोसेफने जिवंतपणी हात लावला नाही, तोच त्याच्या प्रेतावर चढवलेला होता. त्यानंतर हटराइटांच्या बहुतेक वसाहती कॅनडात निघून गेल्या.

हे पुन्हा घडू नये म्हणून शांतिपंथांचे प्रतिनिधी १९४० पूर्वीपासूनच वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवत होते. कलमातली प्रत्येक सवलत त्यांनी मागून, भांडून मिळवलेली आहे.

एखाद्याची श्रद्धा खरी आहे हे कोण ठरवत असे?

गावातलंच भरती मंडळ. त्यावर स्थानिक दुकानदार, वकील, शेतकरी असत. अर्जदाराला फॉर्म ४७ भरावा लागे. तुमची श्रद्धा काय आहे, ती कुणाकडून आणि कशी मिळाली, बळाचा वापर तुम्हाला कोणत्या परिस्थितीत मान्य आहे, असे प्रश्न त्यात होते. मेनोनाइट गावात जन्मलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचं काम सोपं होतं, कारण मंडळाला त्याच्या आजोबांपासून सगळं ठाऊक असे. शहरात वाढलेल्या, स्वतःच्या वाचनातून आणि विचारातून या निर्णयापर्यंत आलेल्या मेथडिस्ट किंवा कॅथलिक मुलाला मात्र तोच फॉर्म जड जाई. ज्याचा विरोध धर्मातून आलेला नव्हता त्याला तर कायद्यात जागाच नव्हती. ही त्या कायद्याची मोठी उणीव होती असं माझं मत आहे. १९६५ च्या सीगर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘धार्मिक श्रद्धा’ या अटीचा अर्थ बराच रुंदावला, पण तोपर्यंत ते युद्ध संपून वीस वर्षं झाली होती.

सैन्यात राहून शस्त्र न उचलण्याचा मार्ग कोणी निवडला का?

हो, आणि सीपीएसमधल्या संख्येच्या दुपटीहून जास्त लोकांनी. डेस्मंड डॉस हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा हा वैद्यकीय मदतनीस ओकिनावाच्या लढाईत शस्त्राविना जखमींना कड्यावरून खाली उतरवत राहिला आणि १९४५ मध्ये त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक मिळालं. ज्यांना लष्कराचा कोणताही भाग होणं नको होतं, ते सीपीएसमध्ये आले.

तिसरा मार्ग तुरुंगाचा. सुमारे ६,००० जण तिथे गेले आणि त्यांतले बहुसंख्य ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे होते. आपला प्रत्येक सदस्य धर्मोपदेशक आहे, म्हणून आपल्याला पूर्ण सूट हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांना पगार मिळत होता का?

नाही. यावर थोडं थांबायला हवं, कारण या सेवेतला सर्वांत दुखरा मुद्दा हाच आहे.

१९४२ नंतर साध्या सैनिकाला महिन्याला ५० डॉलर मिळत. शिवाय कुटुंबाला भत्ता, विमा, आणि पुढे शिक्षणासाठी सरकारी मदत. सीपीएसमधल्या माणसाला सरकारकडून काहीही मिळत नव्हतं. त्याच्या जेवणाखाण्याचा आणि राहण्याचा महिन्याचा सुमारे ३५ डॉलर खर्च त्याच्या पंथाने किंवा त्याने स्वतः भरायचा. हातखर्चाला अडीच ते पाच डॉलर मिळत, तेही पंथाकडूनच. बायकामुलांना भत्ता नाही, कामावर जखमी झाला तर भरपाई नाही. सेवेच्या काळात सुमारे ३० जण मरण पावले. सगळे मिळून पंथांनी ७० लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली आणि त्यातला मोठा वाटा मेनोनाइट शेतकऱ्यांचा होता.

काही जण शेतकऱ्यांकडे दूधदुभत्याच्या कामावर नेमले गेले. तिथे शेतकरी चालू दराने मजुरी देत, पण ती सरकारी तिजोरीत जमा होई. ही रक्कम युद्धग्रस्तांच्या मदतीला जाईल अशी पंथांची आशा होती. तसं झालं नाही, पैसे गोठवलेले राहिले.

पंथांच्या नेत्यांनी ही अट मान्य केली होती हे खरं. छावण्यांचा कारभार आपल्या हाती राहावा, मुलांवर लष्कराची सावली पडू नये, यासाठी त्यांनी हा सौदा केला. तरीही माणसाला सहा दिवस राबवून घ्यायचं आणि छदामही द्यायचा नाही, हा अन्यायच होता. कायदा ज्या विवेकाला मान देतो म्हणत होता, त्या विवेकाची किंमत त्या माणसाच्या बायकोने आणि गावाने मोजली.

काम कोणतं होतं?

सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला माती आणि जंगल आलं. मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांसाठी बांधलेल्या ओस छावण्या त्यांना दिल्या गेल्या. जमिनीची धूप थांबवण्यासाठी बांध घालणं, रोपं लावणं, राष्ट्रीय उद्यानांत वाटा बांधणं, वणवे विझवणं. छावण्या मुद्दाम वस्तीपासून दूर असत. भरती खात्याचे प्रमुख जनरल लुईस हर्शी यांना ही माणसं लोकांच्या नजरेआड राहिलेली हवी होती. नकार देणाऱ्यांबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकं त्यांच्याच भल्याचं, असं त्यांचं धोरण.

शेतीत वाढलेल्या मुलांना हे काम परकं नव्हतं. पण जग जळत असताना आपण डोंगरात खड्डे खणतोय, याला ‘राष्ट्रीय महत्त्वाचं’ कसं म्हणायचं, हा प्रश्न छावणी-छावणीत विचारला जाई. आणि मग त्यांनी स्वतःहून अवघड काम मागायला सुरुवात केली. या सेवेतलं जे काही आजवर टिकलं, ते बहुतांशी या मागण्यांतून आलेलं आहे.

पहिलं उदाहरण स्मोकजम्परांचं. विमानातून पॅराशूटने उडी घेऊन दुर्गम जंगलातला वणवा लहान असतानाच विझवायचा, हे तंत्र तेव्हा नवं होतं आणि उड्या मारणारे तरुण सैन्यात निघून गेले होते. सीपीएसमधल्या एकाने वनखात्याला पत्र लिहून आम्ही येतो म्हणून सांगितलं. माँटाना राज्यातल्या मिझूला इथे १९४३ ते १९४५ मध्ये अडीचशेच्या आसपास जणांनी हे काम केलं. जागेपेक्षा अर्ज कितीतरी जास्त आले होते.

फ्लोरिडा आणि मिसिसिपीत दुसऱ्या तुकड्या गरीब वस्त्यांत संडास बांधत होत्या, कारण तिथे अनवाणी चालणाऱ्या मुलांना मातीतून हुकवर्म या आतड्यातल्या कृमीची लागण होत असे. प्वेर्तो रिकोत ब्रेदरेनांनी कास्तान्येर इथे दवाखाना चालवला.

मनोरुग्णालयांत ते कसे पोचले आणि तिथे काय घडलं?

युद्धामुळे रुग्णालयांचे कर्मचारी सैन्यात किंवा जास्त पगाराच्या कारखान्यांत गेले. १९४२ पासून सीपीएसच्या तुकड्या तिथे जाऊ लागल्या आणि अखेरीस सुमारे ३,००० जणांनी हे काम केलं. फिलाडेल्फियाचं बायबेरी रुग्णालय यांत सर्वांत कुप्रसिद्ध. एकेका वॉर्डात शेकडो रुग्ण आणि सांभाळायला दोन-चार माणसं. नग्न माणसं ओल्या फरशीवर बसलेली, कुणाला पट्ट्यांनी खाटेला बांधून ठेवलेलं, दुर्गंधी, आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या हातातल्या काठ्या.

इथे या तरुणांच्या श्रद्धेची खरी कसोटी लागली. शत्रूवर गोळी झाडणार नाही असं म्हणणं एक, आणि अंगावर धावून येणाऱ्या भ्रमिष्ट माणसाला न मारता शांत करणं दुसरं. सगळ्यांनाच ते जमलं असं नाही. पण पुष्कळांनी मारहाण केली नाही, आणि मारहाणीशिवायही वॉर्ड चालतो हे दाखवून दिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सगळं लिहून ठेवलं. देशभरातल्या तुकड्यांकडून अनुभव गोळा झाले. बायबेरीत चार्ल्स लॉर्ड याने गुपचूप फोटो काढले. मे १९४६ मध्ये ‘लाइफ’ मासिकात हे फोटो आणि हकिगती छापून आल्या आणि अमेरिकेला हादरा बसला. त्याच वर्षी बायबेरीतल्या काही जणांनी नॅशनल मेंटल हेल्थ फाउंडेशन स्थापन केलं. मेनोनाइटांनी परत गेल्यावर स्वतःची मनोरुग्णालयं काढली: मेरीलँडमध्ये ब्रुक लेन, कॅलिफोर्नियात किंग्ज व्ह्यू, कॅन्सासमध्ये प्रेअरी व्ह्यू.

मला विचाराल तर सीपीएसने केलेलं सर्वांत मोठं काम हे आहे. भरती खात्याने त्यांना जिथे कुणी पाहणार नाही अशा जागी पाठवलं, आणि तिथे आधीपासूनच लपवून ठेवलेली माणसं त्यांना भेटली.

उपासमारीचा प्रयोग खरंच झाला होता का?

हो. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये तो केला. युरोपात युद्ध संपताच कोट्यवधी अर्धपोटी लोकांना पुन्हा खायला घालावं लागणार होतं, आणि ते कसं करावं याची शास्त्रीय माहिती जवळजवळ नव्हती. दोनशेहून जास्त जणांनी नावं दिली, ३६ निवडले गेले. त्यांचा मुक्काम फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत.

आधी बारा आठवडे पोटभर जेवण. मग फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे जेमतेम निम्मं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं. माणसांनी आपलं जवळपास एक चतुर्थांश वजन गमावलं. उन्हाळ्यातही थंडी वाजे. पायांवर सूज आली, बसताना हाडं टोचत म्हणून उशा लागत. मनाचं झालं ते आणखी वाईट. बोलणं, वाचन, स्वप्न सगळं अन्नाचंच. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, ताटल्या चाटून पुसल्या जाऊ लागल्या. मैत्रिणीत, राजकारणात, प्रार्थनेतही लक्ष लागेना. त्यांतल्या एकाने कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडून घेतली.

पुन्हा अन्न सुरू झालं तेव्हा दिसलं, की उपासमार झालेल्या माणसाला आधी भरपूर उष्मांक लागतात. नुसत्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी भागत नाही, आणि नेहमीच्या आहाराने तर नाहीच. प्रयोगाचा सविस्तर अहवाल १९५० मध्ये दोन खंडांत आला. उपासमारीवर आणि आहारविकारांवर काम करणारे आजही तो उघडतात. असा प्रयोग आता कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही. त्या ३६ जणांपैकी जे पुढे बोलले, त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा संधी आली तरी आपण तयार होऊ असं सांगितलं.

इतर तुकड्यांनी कावीळ कशी पसरते हे कळावं म्हणून दूषित पाणी प्यायलं, मलेरियाचे डास चावून घेतले, आणि उवा मारण्याची औषधं तपासण्यासाठी उवांनी भरलेले कपडे अंगावर वागवले.

मग युद्धग्रस्त देशांत मदतीला का गेले नाहीत?

त्यांना जायचंच होतं. कॉलेजांत प्रशिक्षण सुरू झालं, चीनसाठी एक तुकडी निघालीही. पण १९४३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लष्करी खर्चाच्या विधेयकाला एक उपकलम जोडून परदेशी सेवा आणि तिचं प्रशिक्षण दोन्ही बंद केलं. निघालेल्यांना परत यावं लागलं. इतरांची मुलं रणांगणावर असताना यांना परदेशात मानाचं काम मिळावं, हे अनेक खासदारांना सहन होत नव्हतं.

ब्रिटनने मात्र आपल्या लोकांना जाऊ दिलं. क्वेकरांच्या प्रेरणेने चालणाऱ्या फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिटची एक तुकडी १९४२ मध्ये होरेस अलेक्झांडर यांच्या नेतृत्वाखाली कलकत्त्याला आली. मेदिनीपूरचं चक्रीवादळ आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ, दोन्हींत ती तुकडी राबली.

स्त्रियांवर भरतीची सक्ती नव्हती. मग त्यांचा काही वाटा होता का?

फार मोठा, आणि नोंदींत फार कमी दिसणारा. अनेकींनी नवऱ्याच्या छावणीजवळ खोली घेतली आणि मोलकरीण, शिक्षिका, परिचारिका म्हणून काम करून घर चालवलं. कित्येक जणी नवऱ्यासोबत मनोरुग्णालयात नोकरीला लागल्या. मिशिगनमधल्या इप्सिलँटी इथे मेनोनाइट तरुणींची उन्हाळी तुकडीही होती. नवऱ्याच्या बिनपगारी सेवेची चार-चार वर्षं त्यांच्या कमाईवर निघाली.

सगळ्यांनी निमूटपणे काम केलं का?

नाही. काहींना ही व्यवस्था गुलामी वाटली आणि पंथ सरकारचे तुरुंगाधिकारी झालेत असं ते उघड म्हणत. त्यांच्यासाठी १९४३ पासून सरकारने थेट चालवलेल्या छावण्या निघाल्या. मिशिगनमधल्या जर्मफास्क छावणीत लोक मुद्दाम संथ काम करत, आजारपण सांगत, प्रत्येक नियमाचा कीस काढत. काही जण छावण्या सोडून निघून गेले आणि तुरुंगात पोचले. क्वेकरांची अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी १९४६ च्या सुरुवातीला या व्यवस्थेतून बाहेर पडली, कारण युद्ध संपूनही माणसांना सोडलं जात नव्हतं. मेनोनाइट शेवटपर्यंत थांबले. दिलेला शब्द पाळायचा, हा त्यांचा स्वभाव.

भित्रे म्हणून त्यांची हेटाळणी होत होती का?

होत होती. न्हावी केस कापायला नकार देत, खानावळीत वाढत नसत, ‘पिवळ्या पोटाचे’ अशी शिवी मिळे. त्यांना सर्वांत कठीण जाणारा प्रश्न मात्र शिवीचा नव्हता: हिटलरला मग थांबवायचं कसं? त्याचं उत्तर सीपीएसने दिलेलं नाही. छळछावण्यांचे फोटो प्रसिद्ध झाल्यावर काही जणांनी आपला निर्णय पुन्हा तपासला. काहींनी त्याआधीच सैन्यात बदली मागून घेतली होती. हे झाकून त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही.

भारताशी, महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

दोन धागे आहेत. अमेरिकेत भरतीसाठी नावनोंदणीचा पहिला दिवस १६ ऑक्टोबर १९४०. न्यूयॉर्कमधल्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीच्या आठ विद्यार्थ्यांनी नाव नोंदवायलाच नकार दिला आणि तुरुंग पत्करला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, वर्ध्याजवळ पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. भारतात सक्तीची भरती नव्हती, आणि त्या सत्याग्रहामागे स्वातंत्र्याचा प्रश्नही होता, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच म्हणता येणार नाहीत. पण युद्धाविरुद्ध उघड बोलण्याचा हक्क हाच गांधीजींनी त्या सत्याग्रहाचा विषय ठरवला होता, आणि अमेरिकेत युद्धाला नकार देणारे कित्येक जण गांधीजींचं लिखाण वाचून इथवर आले होते.

दुसरा धागा नागपूरचा. कोरियन युद्धाच्या वेळी जेम्स लॉसन या मेथडिस्ट कृष्णवर्णीय तरुणाने भरती नाकारली आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर तो मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तिथे त्याने सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध घातलेल्या बस बहिष्काराची बातमी त्याला नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचायला मिळाली. १९५६ मध्ये तो परतला, मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटला, आणि नॅशव्हिलमधल्या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचं प्रशिक्षण दिलं. १९६० मध्ये तिथल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर बसून मार खाणारे विद्यार्थी त्याच्या वर्गातून तयार झालेले होते.

आज अशी सेवा कुठे आहे?

अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली. पश्चिम जर्मनीने १९४९ च्या राज्यघटनेतच शस्त्राला नकार देण्याचा हक्क लिहिला. १९६१ पासून २०११ पर्यंत लाखो जर्मन तरुणांनी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत नागरी सेवा केली, आणि तिथे ती इतकी रुळली की बंद होताना रुग्णसेवेचं काय होणार याची चिंता लोकांना लागली. दक्षिण कोरियात मात्र यहोवाच्या साक्षीदारांच्या पिढ्यानपिढ्या तुरुंगात गेल्या. २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने पर्यायी सेवा नसणं घटनाबाह्य ठरवलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ती सुरू झाली. तिची मुदत ३६ महिन्यांची, म्हणजे पायदळातल्या सेवेच्या दुप्पट, आणि ती तुरुंगांच्या आवारातच राहून, तिथलं स्वयंपाकाचं आणि साफसफाईचं काम करून पुरी करावी लागते.